फिलिपिनो राष्ट्र आणि संशोधकाची लेखणी

एखाद्या देशाचें नांवच परक्या राजाचें असावें आणि त्याच नांवाखालीं तेथील लोकांनीं आपलें राष्ट्र उभें करावें, असा योग इतिहासांत क्वचितच आढळतो. फिलिपाइन्स हा असा देश आहे. इ. स. १५४३ मध्यें व्हिलालोबोस नांवाच्या स्पॅनिश दर्यावर्द्यानें पूर्वसमुद्रांतील कांहीं बेटांना आपल्या युवराजाचें, फिलिपचें, नांव दिलें. हाच युवराज पुढें दुसरा फिलिप म्हणून स्पेनच्या गादीवर बसला आणि त्याचें नांव सबंध द्वीपसमूहाला कायमचें चिकटलें. या द्वीपसमूहांत सात हजारांहून अधिक बेटें आहेत आणि शंभराहून अधिक भाषा तेथें बोलल्या जातात. १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनची सत्ता, मागाहून अमेरिकेची, दुसऱ्या महायुद्धांत जपानची, आणि ४ जुलै १९४६ रोजीं स्वातंत्र्य, असा त्या देशाचा राजकीय प्रवास आहे. तथापि १९६२ पासून तेथील लोक स्वातंत्र्यदिन पाळतात तो १२ जून रोजीं. कारण १८९८ सालीं त्याच दिवशीं कावित गांवीं त्यांनीं आपल्या स्वातंत्र्याची घोषणा आपण होऊन केली होती. स्वातंत्र्य दुसऱ्यानें कधीं दिलें यापेक्षां आपण तें कधीं मागितलें, ही तिथि त्यांना अधिक महत्त्वाची वाटली.

'फिलिपिनो' या शब्दाची कथाही अशीच बोधप्रद आहे. स्पॅनिश अमदानींत या शब्दाचा अर्थ होता त्या बेटांत जन्मलेला स्पॅनिश माणूस. मूळच्या रहिवाशाला 'इंडियो' म्हणत, आणि त्या शब्दांत तुच्छता भरलेली असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील सुशिक्षित तरुणांनीं 'फिलिपिनो' हें नांव आपलेंसें केलें आणि त्यांत बेटांतील सर्व लोकांचा समावेश केला. नांव घेणें सोपें होतें. परंतु त्यामागोमाग प्रश्न उभा राहिला : आम्ही कोण? स्पॅनिश लोक येण्यापूर्वीं आमच्या पूर्वजांना कला, कायदा, व्यापार, लेखन यांपैकीं कांहीं ठाऊक होतें, कीं राज्यकर्ते सांगतात त्याप्रमाणें ते केवळ रानटी होते?

श्रोतेहो, अशा प्रश्नाचें उत्तर पराभूत राष्ट्रें बहुधा काव्यांतून किंवा शस्त्रानें देतात. फिलिपिनो लोकांनीं दोन्ही मार्गांनीं तें दिलें. पण त्यांच्या सर्वश्रेष्ठ पुढाऱ्यानें एक तिसरा मार्गही चोखाळला. तो मार्ग होता ग्रंथाच्या तळाशीं बारीक अक्षरांत छापलेल्या टीपेचा.

डॉ. होसे रिझाल यांचा जन्म १८६१ सालीं लागुना प्रांतांतील कालांबा गांवीं झाला. व्यवसायानें ते नेत्रवैद्य होते. १८८७ सालीं बर्लिन येथें त्यांची 'नोली मे तान्हेरे' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तींत स्पॅनिश धर्मगुरूंच्या जुलमाचें चित्र असल्यामुळें ते स्वदेशीं परतले तेव्हां त्यांच्याभोंवतीं संशयाचें जाळें पसरलें, आणि १८८८ च्या फेब्रुवारींत त्यांना पुन्हां देश सोडावा लागला. जपान आणि अमेरिका या मार्गानें मे महिन्यांत ते लंडनला पोहोंचले. लोकांची अपेक्षा दुसऱ्या कादंबरीची होती. पण रिझाल जाऊन बसले ते ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयांत, आणि तेथें त्यांनीं एक जुनें पुस्तक हातानें उतरवून घेण्यास आरंभ केला.

तें पुस्तक आंतोनियो दे मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्यानें लिहिलें असून १६०९ सालीं मेक्सिको येथें छापलें होतें. फिलिपाइन्स बेटांतील घडामोडींची ती हकीकत होय. मोर्गा १५९५ पासून १६०३ पर्यंत मनिला येथें मोठ्या अधिकारावर होता. त्याच्या शेवटच्या, म्हणजे आठव्या प्रकरणांत बेटांतील लोक, त्यांचे चालीरीति, अन्न, नौका, शेती यांचें वर्णन आहे. रिझाल यांनीं नेमका हाच ग्रंथ निवडला याला कारण होतें. त्या काळचे बहुतेक वृत्तांत धर्मगुरूंनीं लिहिलेले. मोर्गा हा मुलकी अधिकारी. शिवाय त्यानें जें पाहिलें तें स्पॅनिश सत्ता नवीन असतांना पाहिलें होतें. म्हणजे साक्षीदार प्रतिपक्षाचा, पण घटनेच्या जवळचा. वकिलालाही असाच साक्षीदार हवा असतो.

रिझाल यांनीं मोर्गाचा मूळ मजकूर तसाच ठेवला. आपल्याला गैरसोयीचें वाक्य त्यांनीं गाळलें नाहीं कीं सोयीचें वाक्य वाढविलें नाहीं. त्यांना जें म्हणावयाचें होतें तें त्यांनीं खालीं टीपेंत म्हटलें. वर मोर्गा, खालीं रिझाल. मध्यें एक रेघ. वाचकाला कोण कोठें बोलत आहे हें क्षणभरही विसरतां येत नाहीं. संशोधनात्मक लेखनाचा पहिला धडा हाच आहे. आधार आणि अभिप्राय यांची सरमिसळ होतां कामा नये. हा धडा न शिकलेला लेखक दुसऱ्याचें मत आपलें म्हणून सांगतो, किंवा आपलें मत दुसऱ्याच्या तोंडीं घालतो. आणि दोन्ही प्रकारांत वाचकाची फसवणूक होते.

टीपांतून रिझाल काय करतात, याचें एक लहानसें उदाहरण पाहण्याजोगें आहे. येथील लोकांना मासळी कुजूं लागली म्हणजे अधिक आवडते, अशा अर्थाचें विधान मोर्गानें केलें आहे. रिझाल खालीं सांगतात कीं हा पदार्थ म्हणजे 'बागूंग', मीठ घालून मुरविलेली मासळी. ज्यांनीं तो चाखला आहे त्यांना ठाऊक आहे कीं तो कुजलेला नसतो आणि नसावा. कोंकणांतील गृहिणीला सुक्या मासळीविषयीं एखाद्या परक्यानें असेंच म्हटलें तर तिचें उत्तर याहून फारसें वेगळें येणार नाहीं. टीप दोन ओळींची, पण तिच्यांत एक मोठें तत्त्व आहे. पाहणारा खोटें बोलत नसतो. त्याला जें समजलें नाहीं तें तो आपल्या नाकानें मोजीत असतो. अशा ठिकाणीं साक्षीदाराला लबाड म्हणण्याचें कारण नाहीं. त्याच्या अज्ञानाची जागा दाखवून द्यावी, एवढेंच संशोधकाचें काम.

हा टीपांसहित ग्रंथ पॅरिस येथें छापला गेला. मुखपृष्ठावर १८९० सालाचा उल्लेख असला तरी तो १८८९ च्या अखेरीसच बाहेर पडला. अर्पणपत्रिका फिलिपिनो लोकांना उद्देशून आहे. पूर्वकाळाची पुसली गेलेली जाणीव जागी करावी, जें विकृत करून सांगितलें गेलें तें दुरुस्त करावें, आणि मग वर्तमान व भविष्य यांचा विचार करावा, हा आपला हेतु त्यांनीं तेथें स्पष्ट सांगितला आहे. हेतु लपविला नाहीं, हाही प्रामाणिकपणाचाच भाग.

या ग्रंथाची प्रस्तावना बोहेमियांतील विद्वान प्राध्यापक फर्डिनांड ब्लूमेंट्रिट यांची आहे. ब्लूमेंट्रिट हे रिझाल यांचे जिवलग स्नेही. तथापि प्रस्तावनेंत त्यांनीं मित्राचे दोन दोष उघडपणें दाखविले. भूतकाळांतील माणसांना रिझाल आजच्या मापानें मोजतात, हा एक. आणि कांहीं धर्मगुरूंच्या दुष्कृत्यांबद्दल ते सबंध धर्मसंस्थेला दोष देतात, हा दुसरा. रिझाल यांनीं ही टीका गाळली नाहीं. आपल्याच पुस्तकाच्या आरंभीं ती जशीच्या तशी छापली. पुढें इसाबेलो दे लोस रेयेस या फिलिपिनो लेखकानेंही, देशप्रेमाच्या भरांत रिझाल प्राचीन काळाचें चित्र अधिक उजळ रंगवितात असा आक्षेप घेतला, तेव्हां मात्र रिझाल यांनीं त्यांस तिखट उत्तर दिलें. थोर माणसाच्याही मनाला विरोध झोंबतो. परंतु आक्षेप आणि उत्तर दोन्ही छापील स्वरूपांत राहिलीं, म्हणून आज कोणाचें म्हणणें कितपत खरें होतें हें पडताळतां येतें.

आणि पडताळणें किती आवश्यक आहे हें खुद्द मोर्गाच्या बाबतींत दिसून आलें. १६०० च्या डिसेंबरांत ऑलिव्हर व्हान नूर्ट या डच कप्तानाशीं मनिलाजवळ समुद्रांत लढाई झाली. स्पॅनिश बाजूचा सेनापति मोर्गा होता, आणि त्याचें 'सान दिएगो' हें जहाज बुडालें. आपल्या ग्रंथांत मोर्गानें ही हकीकत स्वतःच्या बाजूनें सांगितली आहे. व्हान नूर्टच्या प्रवासवर्णनांतील हकीकत तिच्याशीं जुळत नाहीं. १९९१ सालीं त्या जहाजाचे अवशेष समुद्रतळाशीं सांपडले आणि या प्रसंगाची नव्यानें तपासणी सुरू झाली. तात्पर्य, मासळीविषयीं, नौकांविषयीं किंवा भाताविषयीं बोलतांना जो साक्षीदार उपयोगी, तोच स्वतःच्या पराभवाविषयीं बोलतांना तितका विश्वसनीय नसतो. ग्रंथ एकच, लेखक एकच. पण प्रत्येक विधानाची किंमत वेगळी. ती ज्याला लावतां येत नाहीं त्याच्यापुढें ग्रंथांचा ढीग असला तरी उपयोग नाहीं.

३० डिसेंबर १८९६ रोजीं मनिला येथें स्पॅनिश सरकारनें रिझाल यांना गोळ्या घालून ठार केलें. त्यावेळीं त्यांचें वय पस्तीस वर्षांचें होतें. त्यांनीं विचारलेला प्रश्न मात्र मागें राहिला, आणि उत्तराची भूक वाढत गेली. भुकेला माणूस अन्नाची परीक्षा करीत बसत नाहीं. राष्ट्राचेंही तसेंच होतें.

१९१४ सालीं नेग्रोस बेटांतील होसे मार्को नांवाच्या गृहस्थांनीं मनिला येथील सरकारी ग्रंथालयाला कांहीं हस्तलिखितें दिलीं. त्यांपैकीं एक पावोन नांवाच्या स्पॅनिश धर्मगुरूनें १८३८-३९ च्या सुमारास लिहिलेलें म्हणून सांगितलें होतें. त्यांत एक अपूर्व वस्तु होती : १४३३ सालीं, म्हणजे स्पॅनिश सत्ता येण्यापूर्वीं शतकाहून अधिक काळ, कलांतियाव नांवाच्या दातूनें, म्हणजे सरदारानें, घालून दिलेली अठरा कलमांची दंडसंहिता! ग्रंथालयाचे प्रमुख जेम्स रॉबर्टसन हे सामान्य गृहस्थ नव्हते. फिलिपाइन्सच्या इतिहासाचीं साधनें पंचावन्न खंडांत प्रसिद्ध करणाऱ्या दोन संपादकांपैकीं ते एक. त्यांनीं १९१७ सालीं या संहितेचें भाषांतर छापलें. मग काय विचारावें! आमच्या पूर्वजांना लेखी कायदा होता, हें वाक्य पाठ्यपुस्तकांत शिरलें आणि मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या तें घोकूं लागल्या. कलांतियावचें स्मारक उभें राहिलें. १९७१ सालीं न्यायक्षेत्रांतील सेवेबद्दल देण्याच्या राष्ट्रीय सन्मानालाही त्याचेंच नांव देण्यांत आलें.

आश्चर्य हें कीं ती संहिता वाचून कोणी थबकलें नाहीं. तींतील शिक्षा अशा : अपराध्याला मुंग्यांच्या तोंडीं द्यावें, पाण्यांत बुडवावें, तुकडे करून मगरींपुढें टाकावें. उलट सोळाव्या शतकांतील स्पॅनिश वृत्तांतांत त्याच लोकांच्या चालीरीतींचें जें वर्णन येतें त्यांत दंड आणि ऋणापोटीं करावी लागणारी चाकरी यांवर भर आहे. पूर्वज सुसंस्कृत होते हें सिद्ध करण्याच्या उत्साहांत त्यांच्या माथीं नसतें क्रौर्य मारलें जात आहे, हें कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं.

तें ध्यानीं घेतलें एका शिक्षकानें. विल्यम हेन्री स्कॉट हे अमेरिकन गृहस्थ ल्यूझॉन बेटाच्या डोंगराळ भागांत सागादा येथील मिशनच्या शाळेंत शिकवीत असत. मनिला येथील सांतो तोमास विद्यापीठाच्या पदवीसाठीं प्रबंध लिहितांना त्यांनीं विषय घेतला तो साधा दिसणारा : स्पॅनिशपूर्व इतिहासाचीं म्हणून जीं साधनें सांगितलीं जातात तीं एकेक तपासून पाहणें. प्रत्येक साधनाला त्यांनीं तेच प्रश्न विचारले. हें प्रथम कोणाला सांपडलें? कोठें? त्यापूर्वीं कोणा लेखकाला ठाऊक होतें काय? त्यांतील तारखा, माणसें, स्थळें इतर कागदांशीं जुळतात काय?

मार्को यांच्याकडून आलेलीं हस्तलिखितें या प्रश्नांपुढें टिकलीं नाहींत. पावोन १८३८ सालीं ज्या हिमामायलान गांवीं बसून लिहीत असल्याचें सांगितलें होतें, तेथें ते आले १८४२ मध्यें. ग्रंथ स्पेनच्या राजाला अर्पण केलेला. पण १८३३ पासून १८६८ पर्यंत स्पेनच्या गादीवर दुसरी इसाबेला ही राणी होती, राजा नव्हताच! आणि १९१४ पूर्वींच्या एकाही ग्रंथांत कलांतियावच्या संहितेचा मागमूस नाहीं. स्पॅनिशपूर्व काळाचा जीव तोडून शोध घेणाऱ्या रिझाल यांनाही ती ठाऊक नव्हती. निष्कर्ष उघड होता. हस्तलिखितें बनावट होतीं.

१९६८ सालीं स्कॉट यांची तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांत तेओदोरो आगोन्सिलो आणि ग्रेगोरियो साइदे हे प्रसिद्ध इतिहासकार होते, आणि दोघेही पाठ्यपुस्तकांचे कर्ते. स्कॉट यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे कीं मार्को यांच्यावरील प्रकरणाबद्दल एकाही परीक्षकानें एकही प्रश्न विचारला नाहीं. पुरावा असा मांडला होता कीं विचारण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. तरीही असत्य सहजासहजीं जात नाहीं. वर सांगितलेला सन्मान निघाला तो या परीक्षेनंतर तीन वर्षांनीं. राष्ट्रीय इतिहाससंस्थेनें कलांतियावच्या संहितेला ऐतिहासिक आधार नाहीं असें अधिकृतपणें जाहीर केलें तें २००४ सालीं. एका वर्षांत छापलेली चूक पुसावयास नव्वद वर्षांच्या आसपास लागलीं.

येथें कोणी म्हणेल, अशा संशोधनानें राष्ट्राचा अभिमान खचला. लाभ काय झाला? स्कॉट यांचें आयुष्य हेंच त्याला उत्तर आहे. खोटा कायदा बाजूला सारून ते थांबले नाहींत. स्पॅनिश कागदपत्रांचा पडदा जाड असला तरी त्याला फटी आहेत आणि त्या फटींतून खरा फिलिपिनो माणूस दिसतो, अशी त्यांची भूमिका होती. अधिकाऱ्याच्या तक्रारींत, धर्मगुरूनें रचलेल्या शब्दकोशांत, करवसुलीच्या नोंदींत त्यांनीं त्या माणसाचें शेत, होडी, विणकाम, सोनें, लग्न, तंटा हें सर्व शोधून काढलें. १९९३ सालीं ते वारले. सोळाव्या शतकांतील फिलिपिनो जीवनावरील त्यांचा 'बारांगाय' हा मोठा ग्रंथ पुढच्या वर्षीं प्रसिद्ध झाला. खोट्या अठरा कलमांच्या जागीं खऱ्या जीवनाचीं शेंकडों पानें आलीं.

या सर्व कथेंतून प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यानें कोणते नियम घ्यावे? पहिला, विषय असा घ्यावा कीं ज्याचें उत्तर आधींच ठरलेलें नाहीं. दुसरा, शक्य तितकें मूळ साधनापर्यंत जावें; मध्यस्थावर विसंबूं नये, मग तो रॉबर्टसन यांच्यासारखा थोर का असेना. तिसरा, टिपण घेतांना दुसऱ्याचे शब्द, त्यांचा आपण केलेला सारांश आणि आपला विचार हीं तीन वेगवेगळीं ठेवावीं आणि प्रत्येकापुढें ग्रंथ व पान त्याच वेळीं नोंदावें. चौथा, आपल्याला आवडणारा पुरावा अधिक कठोरपणें तपासावा. नावडता पुरावा मन आपोआपच तपासतें. पांचवा, विरुद्ध मत लपवूं नये. सहावा, निष्कर्ष पुराव्याहून मोठा करूं नये. आणि शेवटचा, चूक आढळली तर ती केली तितक्याच मोठ्या आवाजानें मान्य करावी.

कथेचा शेवट मात्र अद्याप सांगावयाचा आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस लागुना प्रांतांत, लुंबान नदीच्या मुखापाशीं, वाळू उपसतांना एका माणसाला तांब्याचा एक लहानसा पत्रा सांपडला. त्यावर दहा ओळी कोरलेल्या. लिपि जावा बेटांतील जुनी कावी. आंतोन पोस्त्मा या डच विद्वानानें ती वाचली. भाषा मुख्यतः जुनी मलय, तींत संस्कृत शब्द भरपूर. आणि आरंभींची तिथि मराठी माणसाला भाषांतरावांचून समजावी अशी : शके ८२२, वैशाख मास, कृष्णपक्ष, चतुर्थी, सोमवार. म्हणजे इ. स. ९००, एप्रिलची २१ तारीख. पुण्यामुंबईच्या पंचांगावर आजही छापला जाणारा शालिवाहन शक त्या दूरच्या बेटांत अकराशें वर्षांपूर्वीं चालत होता.

रिझाल यांच्याच जन्मप्रांतांत, त्यांच्या प्रश्नाचें लेखी उत्तर असें मातींत पडून होतें. त्यांत पराक्रमी राजाची प्रशस्ति नाहीं कीं भयंकर दंडसंहिता नाहीं. नामवरान नांवाच्या एका मनुष्याचें सोन्याचें ऋण फिटलें आणि त्याचें कुटुंब व वंशज त्यांतून मुक्त झाले, एवढाच मजकूर आहे. पण त्या एवढ्या मजकुरांत लेखन आहे, तिथि आहे, वजनमाप आहे, अधिकारी आहेत, आणि शब्द पाळण्याची रीत आहे. खोट्या संहितेनें जें सिद्ध होणार नव्हतें तें या साध्या फारकतीनें सिद्ध केलें.

मराठींत ग्रंथकार ज्यांचें साहाय्य घेतो त्यांचा उल्लेख करतो त्याला 'ऋणनिर्देश' म्हणतात. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. पानाच्या तळाशीं लिहिलेली प्रत्येक टीप म्हणजे हें मी कोणाकडून घेतलें याची कबुली. फिलिपिनो राष्ट्राच्या हातीं आलेला सर्वांत जुना कागद, तोही तांब्याचा, एका फिटलेल्या ऋणाचा आहे. ज्या विद्यार्थ्याला आपल्या प्रबंधांत टीपा लिहिण्याचा कंटाळा येत असेल त्यानें तो दहा ओळींचा पत्रा एकदां डोळ्यांपुढें आणावा.